उपवासकाळ आणि कॉलेजचे दिवस : वाचकांचे प्रश्न

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि पास्काचा रविवार (ईस्टर) २८ मार्चला येतो; या दोहोंमधला काळ म्हणजे कॅथलिकांचा उपवासकाळ. बारावीची परीक्षा, प्रॅक्टिकल, सबमिशन, कॅम्पस इंटरव्ह्यू यांच्या गर्दीतच यंदाचा उपवासकाळ पार पडणार आहे. विद्यार्थी, पालक आणि कॉलेजमध्ये युवकांचे काम पाहणारे सोबती यांच्याकडून आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहतो. दरवर्षी ठरवतो की रोज मिस्सा (देवळातली मुख्य उपासना), रोज जपमाळ, इन्स्टाग्राम बंद, गोड बंद, चहाही बंद. दुसऱ्या आठवड्यात सगळे कोसळते आणि मग मी पूर्णच सोडून देतो. काय चुकते?

उत्तर : तू घेतोस ते ओझे पहिल्या चार दिवसांच्या उत्साहाला पेलते, सहा आठवड्यांच्या दिनक्रमाला पेलत नाही. बुधवार ते शनिवार सगळे नवे असते. सोमवारी जर्नल पूर्ण करायचे असते, मंगळवारी मेसचे जेवण उशिरा येते, आणि पाचपैकी दोन गोष्टी चुकल्या की मन उरलेल्या तिन्हींवरही पाणी सोडते.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास यांविषयी बोलतो. राखेच्या बुधवारी हेच वाचन असते. तिघांपैकी प्रत्येकाची एकच गोष्ट घे, आणि ती दिवस, वेळ, जागा यांसकट ठरव. ‘जास्त प्रार्थना करीन’ म्हटले तर ते कधी झाले आणि कधी राहिले हे तुलाही कळणार नाही. ‘रात्री साडेदहाला, दिवा मालवण्याआधी, खुर्चीत बसून बारा मिनिटे’ असे ठरवले की कळते. पलंगावर बसू नकोस, झोप लागते. फोन टेबलाच्या खणात ठेव. बायबल फोनवर वाचत असशील तर त्या दिवसाचे शुभवर्तमान आधीच कागदावर लिहून घे, कारण वाचता वाचता एक नोटिफिकेशन आले की बारापैकी आठ मिनिटे गेलीच म्हणून समज.

त्या बारा मिनिटांत काय करायचे, तर संत इग्नाती लोयोला यांच्या परंपरेतले दिवसाचे परीक्षण विद्यार्थ्यांना चांगले मानवते. पहिली दोन मिनिटे दिवसातल्या एका ठरावीक गोष्टीबद्दल देवाचे आभार. एक मिनिट पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. मग पाच मिनिटे दिवस सकाळपासून क्रमाने डोळ्यांपुढून न्यायचा : कुठे देवाच्या जवळ होतो, कुठे पाठ फिरवली. दोन मिनिटे क्षमा आणि दोन मिनिटे उद्याचा एखादा प्रसंग देवाच्या हाती देणे. मधल्या पाच मिनिटांत चुकांची यादी होऊ लागली की मुले कंटाळतात, म्हणून आभारांची पायरी कधी वगळायची नाही.

उपवासासाठी असे काही सोड, ज्यातून वेळ किंवा पैसा मोकळा होईल. रात्रीची मॅगी सोडलीस तर ते पैसे डब्यात टाक आणि पवित्र आठवड्यात (पास्काआधीच्या शेवटच्या आठवड्यात) दान कर. म्हणजे उपवास आणि दान हातात हात घालून चालतात. कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेची भूक आणि रोगाविरुद्धची मोहीम दरवर्षी उपवासकाळातच असते. पैसे कुठे द्यायचे असा प्रश्न पडला तर धर्मग्रामात (आपल्या देवळाच्या पॅरिशमध्ये) तिची चौकशी कर.

आणखी दोन गोष्टी. आठवड्यातून एकदा एखाद्या मित्राला किंवा फादरना ‘सातपैकी किती दिवस झाले’ एवढेच सांग. आणि चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरू नकोस. चोवीस मिनिटे जमत नाहीत, मग तीही चुकतात आणि कर्ज वाढत जाते. चुकला तो दिवस देवाकडे सोपवून पुढच्या दिवशी बाराच मिनिटे बस.

प्रश्न : रविवारी सोडलेली गोष्ट खाल्ली तर चालते का?

उत्तर : राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासाचा नाही. त्यामुळे चालते. मात्र चहा, सिगारेट, मोबाइल गेम अशी सवयीची पकड असलेली गोष्ट सोडली असेल तर रविवारची सूट सोमवार जड करते. काय करायचे ते ९ फेब्रुवारीलाच ठरवा, रविवारी सकाळी कपापुढे बसून ठरवू नका.

प्रश्न : उपवास नेमका कोणाला आणि किती? मेसमध्ये शुक्रवारी तसेही शाकाहारीच असते. हिंदू मैत्रिणी विचारतात, तुमच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते का?

उत्तर : उपवास आणि मांसवर्जन हे दोन वेगळे नियम आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी दोन्ही पाळायचे. उपवासाचा नियम वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत लागू असतो, मांसवर्जनाचा १४ पूर्ण झाल्यापासून. समजा तुमचा अठरावा वाढदिवस १५ फेब्रुवारीला आहे, तर यंदा राखेच्या बुधवारी उपवासाचे बंधन नाही, गुड फ्रायडेला आहे.

उपवास म्हणजे दिवसातून एकदा पूर्ण जेवण. सकाळ-संध्याकाळ थोडेसे खाता येते, पण ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाएवढे होऊ नये. पाणी आणि औषध यांना आडकाठी नाही. मैत्रिणींच्या उपवासात बहुधा पदार्थ बदलतात, आपल्या उपवासात प्रमाण कमी होते आणि मांस वर्ज्य असते. म्हणून संध्याकाळी वाटीभर खिचडी चालते. तिन्ही वेळा ताटभर खाल्ली तर तो आपला उपवास झाला नाही.

मांसवर्जनात अंडी, दूध आणि मासळी यांना मनाई नाही. वसईत शुक्रवारी पापलेट-कोलंबीचा बेत होतो तेव्हा नियमाचे अक्षर पाळले जाते, पण त्या दिवसाचा त्याग कुठे उरतो, हा प्रश्न घराघरात विचारायला हवा. मेसमध्ये आधीच शाकाहार असेल तर शुक्रवारी तुमच्याकडून वेगळे काही जायला हवे : दुसरी वाढ न घेणे, किंवा कँटीनचा चहा-वडा सोडून ते वीस-तीस रुपये दानाच्या डब्यात टाकणे. उपवासकाळातल्या शुक्रवारांबाबत आपल्या धर्मप्रांताच्या सूचना देवळात वाचल्या जातात, त्या प्रमाण माना.

यंदाची एक तारीख ध्यानात ठेवा. १९ मार्चला संत योसेफ यांचा महासोहळा (सर्वोच्च दर्जाचा सण) आहे आणि तो शुक्रवारी येतो. कॅनन लॉच्या (धर्मसभेच्या कायद्याच्या) कलम १२५१ नुसार महासोहळा शुक्रवारी आला तर त्या दिवशी मांसवर्जनाचे बंधन नसते.

उपवासाच्या दिवशी दुपारी प्रॅक्टिकल किंवा विरार लोकलचा उभ्याने प्रवास असेल तर पूर्ण जेवण दुपारीच घ्या आणि सकाळपासून पाणी पीत राहा. रिकाम्या पोटी लॅबमध्ये चक्कर येणे ही भक्तीची खूण नव्हे. आजारी, मधुमेही, रक्तक्षयावर उपचार घेणारे विद्यार्थी या नियमातून मोकळे आहेत. आणि हे अगदी कळकळीने सांगतो : ज्यांना खाण्याविषयीचा मानसिक त्रास आहे, जे आधीच जेवण टाळतात किंवा वजनाच्या धास्तीत असतात, त्यांनी अन्नाचा उपवास मुळीच करू नये. त्यांनी दुसरा त्याग निवडावा आणि एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाशी बोलावे. चाळीस दिवसांच्या नावाखाली तो आजार सहज लपतो.

प्रश्न : आमच्या हॉस्टेलचे प्रमुख फादरच आहेत. उशिरा आल्याबद्दल तेच दंड करतात आणि पापनिवेदनही (पापांची कबुली) तेच ऐकतात. मला त्यांच्याकडे जायला संकोच वाटतो. हा माझा अविश्वास आहे का?

उत्तर : मुळीच नाही. धर्मसभेने ही अडचण ओळखली आहे. कॅनन लॉचे कलम ९८५ सांगते की शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने त्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांची पापनिवेदने ऐकू नयेत. एखाद्या विद्यार्थ्याने एखाद्या वेळी आपणहून मागणी केली तर गोष्ट वेगळी. शिस्तीचा अधिकार आणि अंतःकरणाची बाब एकाच हाती असू नये, हा त्यामागचा विचार. पापनिवेदनातले कोणतेही गुपित धर्मगुरू कधीच उघड करू शकत नाही, त्याविषयी निश्चिंत राहा. तरीही शेजारच्या धर्मग्रामात जाण्याचा किंवा बाहेरचे फादर बोलावण्याची विनंती करण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.

फार दिवसांनी जात असशील तर एवढे कर : आदल्या रात्री पंधरा मिनिटे दहा आज्ञांच्या आधारे मनाची तपासणी. मग ‘शेवटचे पापनिवेदन अंदाजे अमुक वर्षांपूर्वी’ असे सांगून सुरुवात. गंभीर पापे आधी, कोणते आणि साधारण किती वेळा. मागची सगळी कहाणी लागत नाही. पश्चात्तापाची प्रार्थना विसरली असेल तर फादरना सांग, ते म्हणवून घेतील. मोबाइलवरून वाचायची असेल तर तो फ्लाइट मोडवर ठेव.

प्रश्न : आमच्या कॉलेजात कॅथलिक विद्यार्थी जेमतेम चाळीस. मी शिक्षिका आहे आणि युवक गटाचे काम पाहते. सहा आठवड्यांत काय करावे? गेल्या वेळी तीन व्याख्याने ठेवली, तिसऱ्याला सहा जण आले.

उत्तर : व्याख्याने कमी करा. कॉलेजच्या मुलाला दिवसभर कोणी ना कोणी शिकवतच असते. त्याला हवी असते अशी जागा जिथे आपले चार शब्द कोणी ऐकून घेईल. चाळिसांपैकी जे तयार असतील त्यांचे सहा-सात जणांचे छोटे गट करा, आठवड्यातून एकदा पंचेचाळीस मिनिटे, कॉलेजच्या वेळेतच. लोकल गाठायची असलेली मुले साडेपाचनंतर थांबत नाहीत, त्यांना दोष देऊ नका.

गटासाठी वाचने शोधत बसू नका, येत्या रविवारचे शुभवर्तमान घ्या. यंदा ब वर्ष आहे, म्हणजे रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातले दुसरे. पहिल्या रविवारी (१४ फेब्रुवारी) मार्क १:१२-१५, अरण्यातला मोह. दुसऱ्या रविवारी मार्क ९:२-१०, रूपांतर. तिसऱ्याला योहान २:१३-२५, मंदिराचे शुद्धीकरण. चौथ्याला (७ मार्च) योहान ३:१४-२१, पाचव्याला योहान १२:२०-३३, गव्हाचा दाणा. २१ मार्चला झावळ्यांचा रविवार (पाम संडे) आणि मार्कने सांगितलेले दुःखसहन.

बैठक अशी चालवा. पाच मिनिटे शांतता किंवा एक गीत. पाच मिनिटांत उतारा दोनदा वाचायचा, दोन वेगळ्या आवाजांत. दहा मिनिटे पूर्ण शांतता. पहिल्या आठवड्यात मुले चुळबुळतात, तिसऱ्यात तीच शांतता मागू लागतात, तेव्हा घाबरून ती कमी करू नका. मग पंधरा मिनिटे बोलणे, प्रत्येकाला दोन मिनिटे, कोणी सल्ला द्यायचा नाही, वादही नाही. उरलेल्या दहा मिनिटांत एकमेकांसाठी प्रार्थना आणि या आठवड्यात करायची एक कृती. गट बिघडतो तो दोन कारणांनी : एखादा बोलका विद्यार्थी वर्ग घेऊ लागतो, किंवा गटप्रमुख प्रत्येकाच्या बोलण्यावर टिप्पणी करतो. गटप्रमुखांना राखेच्या बुधवारापूर्वी एकदा बसवून हे सांगा आणि त्यांच्यासमोर बैठक चालवून दाखवा.

क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांवरची प्रार्थना) विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या. चौदा स्थाने, चौदा वाचक, दर स्थानाला अडीच मिनिटे, म्हणजे पस्तीस मिनिटांत आटोपते. चिंतन मुलांनीच लिहायचे, पण शंभर शब्दांच्या आत. ही मर्यादा सैल सोडली की प्रत्येक जण बेरोजगारीपासून पर्यावरणापर्यंत सगळे एकाच स्थानात कोंबतो, सव्वा तास होतो आणि नवव्या स्थानापासून मागची रांग पातळ होत जाते. लिहिलेले आधी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मोकळ्या आवारात करणार असाल तर माइक तपासा आणि प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या.

मराठीतून काही वेगळे हवे असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाकडे वळा. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात प्रभूचे दुःखसहन आहे. भाषा चारशे वर्षांपूर्वीची, म्हणून एका वेळी आठ-दहा ओव्याच घ्या, एकाने चालीवर म्हणायच्या आणि दुसऱ्याने आजच्या मराठीत अर्थ सांगायचा. वसईच्या मुलांना आजीच्या तोंडचे काही शब्द त्यात भेटतील, आणि त्यांनी तेवढ्यावरून चर्चा सुरू केली तर ती चालू द्या.

पापनिवेदनाचा गणिती अंदाज आधी बांधा. चाळीस जण, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे दोनशे मिनिटे. एकच फादर असतील तर सव्वातीन तासांहून जास्त, चार असतील तर पन्नास मिनिटे. शेजारच्या धर्मग्रामांना तीन आठवडे आधी विनंती करा, पवित्र आठवड्यात कोणी मोकळे सापडत नाही. सामुदायिक प्रार्थना सगळ्यांची मिळून, पापनिवेदन आणि पापक्षमा मात्र एकेकट्याची. खुर्च्या अशा ठेवा की रांगेतल्यांना बोलणे ऐकू येणार नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला ‘प्रभूसाठी २४ तास’ हा आराधना आणि पापनिवेदनाचा उपक्रम चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी असतो, यंदा ५-६ मार्चला. अर्ध्या तासाला दोघे धरले तर चोवीस तासांना ९६ नावे लागतात. तुमच्याकडे चाळीस आहेत, म्हणून आठ तास करा, ३२ नावे पुरतात. पवित्र साक्रामेंत (ख्रिस्तशरीर मानलेली भाकर) आराधनेसाठी ठेवलेले असताना ते क्षणभरही एकटे सोडायचे नाही, म्हणून शेवटच्या क्षणी न येणाऱ्यांसाठी चार राखीव नावे जवळ ठेवा.

प्रश्न : कॉलेजात राख लावण्याचा विधी विद्यार्थी करू शकतात का? ख्रिस्ती नसलेले मित्रही पुढे येतात, त्यांना लावावी का?

उत्तर : राखेला आशीर्वाद देण्याचे काम धर्मगुरू किंवा डीकनचेच (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक). आशीर्वादित राख वाटण्यात प्रापंचिक व्यक्ती मदत करू शकतात. राख हा साक्रामेंत (बाप्तिस्मा, पापनिवेदन यांसारखा संस्कार) नाही, त्यामुळे आदराने पुढे येणाऱ्या कोणालाही लावता येते. मात्र ‘पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा’ या शब्दांचा अर्थ आधी दोन वाक्यांत सांगा, म्हणजे ते गंध लावून घेतल्यासारखे होणार नाही. कोणाला आग्रह करू नका.

राख गेल्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्यांची. त्या कडकडीत वाळवा, लोखंडी घमेल्यात उघड्यावर जाळा, पूर्ण थंड झाल्यावर कुटून बारीक चाळणीतून दोनदा चाळा. पाणी घालून लगदा करू नका. वनस्पतींच्या राखेतले क्षार पाण्यात विरघळले की द्रावण दाहक होते आणि कपाळावर लाल चट्टे उठतात. कोरडी राख अंगठ्याला लावा किंवा डोक्यावर भुरभुरा. आणि बाजारातली कसली तरी काळी भुकटी वापरू नका.

प्रश्न : मुलगी २० वर्षांची, बंगळुरूला शिकते. दर रविवारी फोनवर विचारतो ‘मिस्साला गेलीस का?’ ती चिडते. उपवासकाळात तरी तिने वळावे असे आम्हाला वाटते.

उत्तर : तुमची काळजी खरी आहे, पण तो प्रश्न आता हजेरीपटासारखा झाला आहे. तिचे उत्तर ‘हो’ आले तरी तुम्हाला तिच्या मनातले काहीच कळत नाही. उपवासकाळापुरता तो प्रश्न थांबवा. त्याऐवजी तिला विचारा की या आठवड्यात आम्ही तुझ्यासाठी कशाबद्दल प्रार्थना करू. पुढच्या फोनला त्याची आठवण ठेवा. घरी काय त्याग करत आहात तेही सांगा, उपदेशाशिवाय. रोजचे प्रार्थनेचे फॉरवर्ड पाठवू नका, ती ते उघडत नसणार.

पवित्र आठवड्यासाठी तिला घरी बोलवा आणि तिकीट तुम्ही काढा. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे २४-२५ मार्चच्या गाडीसाठी जानेवारीच्या चौथ्या आठवड्यातच बसावे लागेल. घरी आली की गुड फ्रायडेच्या क्रुसाच्या वाटेला तिला एखादे वाचन मिळेल का, हे धर्मग्रामातल्या युवकांना विचारून ठेवा, पण तिला विचारल्याशिवाय नाव देऊ नका.

प्रश्न : वसईहून अमेरिकेत एमएससाठी आलो आहे. विद्यापीठात ‘न्यूमन सेंटर’ असल्याचे कळले. ते काय असते, आणि इथे कोणाचे नियम पाळायचे?

उत्तर : कॅथलिक नसलेल्या विद्यापीठांतल्या कॅथलिक विद्यार्थ्यांसाठीचे ते केंद्र. अशा पहिल्या न्यूमन क्लबची सुरुवात १८९३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाली. संत जॉन हेन्री न्यूमन यांचे नाव त्याला आहे. २०१९ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना धर्मसभेचे आचार्य (डॉक्टर ऑफ द चर्च) घोषित केले. केंद्रात मिस्सा, पापनिवेदन, छोटे बायबल गट आणि शुक्रवारी एकत्र साधे जेवण असे काही ना काही असतेच. पहिल्या रविवारी मिस्सानंतर थांबून नाव नोंदव आणि गटाची वेळ विचार. परक्या देशात कोणी येऊन हात धरेल म्हणून वाट पाहिलीस तर सत्र संपेल.

राहतोस तिथले नियम पाळ. अमेरिकेत उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी १४ वर्षांपुढच्यांना मांसवर्जन बंधनकारक आहे. देवळात पुठ्ठ्याचा लहान डबा मिळेल, ती १९७५ पासूनची ‘राइस बोल’ मोहीम; त्यातली पाव रक्कम त्याच धर्मप्रांतातल्या गरजूंसाठी राहते, बाकीची परदेशातल्या मदतकार्याला जाते.

दोन व्यावहारिक गोष्टी. मार्चमधल्या सुट्टीच्या आठवड्यात केंद्रातल्या मिस्साच्या वेळा बदलू शकतात, जवळचे धर्मग्राम आधी शोधून ठेव. आणि रविवार १४ मार्चला तिथली घड्याळे एक तास पुढे जातात. त्या सकाळी मिस्सा चुकणारे दरवर्षी असतात. तू पूर्व किनाऱ्यावर असशील आणि घरच्यांबरोबर फोनवर जपमाळ म्हणत असशील, तर साडेदहा तासांचे अंतर त्या दिवसापासून साडेनऊ होईल, हे आईला कळव.

प्रश्न : शनिवारी २७ मार्चला माझा पेपर आहे. पवित्र त्रिदिनातले (गुरुवार संध्याकाळपासून पास्कापर्यंतचे विधी) किती गाठावे?

उत्तर : बंधन म्हणशील तर पास्काच्या रविवारच्या मिस्साचे, आणि शनिवारी रात्रीच्या जागरणविधीने तेही पूर्ण होते. गुरुवारी संध्याकाळची प्रभुभोजनाची मिस्सा गाठ, नंतरच्या आराधनेला अर्धा तास थांब आणि घरी जाऊन झोप. गुड फ्रायडेला सुट्टी असते : सकाळी अभ्यास, दुपारी विधी, उपवासातले पूर्ण जेवण विधीनंतर. गुड फ्रायडेचा उपवास शक्य असेल तिथे शनिवारपर्यंत न्यावा असे दुसरी व्हॅटिकन परिषद सुचवते, पण पेपरच्या सकाळी तू नाश्ता करून जा. पेपर संपल्यावर दोन तास झोप काढ, जागरणविधी लांबतो आणि त्यात सात जुन्या करारातली वाचने असू शकतात. मेणबत्तीला पुठ्ठ्याची गोल चकती लावून ने, म्हणजे मेण हातावर ओघळणार नाही.